मंडळीची जबाबदारी अंगावर येते तेव्हा : देवभीरू पुढाऱ्याचे गुण पारखायचे आणि अंगी बाणवायचे कसे

उपासना संपते, दारात हस्तांदोलन चाललेलं असतं आणि पाळकसाहेब तुमचा हात न सोडताच म्हणतात, "पुढच्या महिन्यापासून तरुण संघ तुम्ही बघा." किंवा कुर्ल्याची कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरोघरी भरणारी प्रार्थनासभा, चालवणारे काका कायमचे गावी निघालेले असतात आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. किंवा पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुकीत कोणीतरी तुमचं नाव सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पुढारीपण बहुधा असंच येतं, दोन मिनिटांत आणि बिनतयारीचं. त्या दोन मिनिटांनंतर काय करायचं, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. जे स्वतः उभे नाहीत पण मत देणार आहेत, त्यांनीही वाचावं. चुकीचा माणूस निवडला तर भोगायचं त्यांनाच असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढाऱ्याचे गुण आपण भलत्या ठिकाणी शोधतो. आवाज खणखणीत, प्रार्थना लांबलचक, वचनं तोंडपाठ, पेटीवर हात बरा, की झाला माणूस मंडळीचा 'वडील', म्हणजे कारभार पाहणारा पुढारी, व्हायला लायक. पौलाने तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांत पुढाऱ्याच्या गुणांच्या दोन याद्या आहेत, १ तीमथ्य ३ आणि तीत १ या अध्यायांत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. शिकवता येणं ही त्यातली जवळजवळ एकमेव गोष्ट कौशल्यात मोडते. बाकी सगळं घराबद्दल, पैशाबद्दल, दारूबद्दल, रागाबद्दल, पाहुणचाराबद्दल आणि बाहेरच्या लोकांतल्या नावलौकिकाबद्दल आहे. म्हणजे ज्या गोष्टी बायकोला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला ठाऊक असतात, पण उपासनेत दिसत नाहीत.

पहिली पायरी : लगेच हो म्हणू नका

निदान आठवडाभर मागून घ्या. "प्रार्थना करून सांगतो" हे वाक्य आपल्याकडे नकार देण्यासाठी वापरून वापरून झिजलंय, तरी इथे ते खरोखर पाळायचं आहे. कोणावरही घाईने हात ठेवू नकोस, असं पौल तीमथ्याला बजावतो (१ तीमथ्य ५:२२). नवशिक्याला अध्यक्ष करू नये आणि सेवकांची आधी पारख व्हावी, हेही त्याच पत्रात आहे.

त्या आठवड्यात चार गोष्टी विचारून घ्या आणि कागदावर लिहा. काम नेमकं काय? किती काळासाठी? मी कोणाला जबाबदार? पैसा कोणाच्या हातात? यातल्या एकाचंही उत्तर "ते बघू नंतर" असं आलं, तर ते आधी ठरवून घ्या. नंतर कोणी बघत नाही.

मग स्वतःला एकच प्रश्न. हे पद दुसऱ्याला मिळालं तर मी हेच काम त्याच्या हाताखाली करीन का? चटया घालणं, खुर्च्या उचलणं, आजीबाईंना स्टेशनपर्यंत सोडणं? उत्तर मनातल्या मनात चाचरत असेल तर योहानाचं तिसरं पत्र वाचा. इतकं छोटं पत्र, पण त्यात दियत्रेफेस नावाच्या एका गृहस्थाची नोंद कायमची होऊन बसली आहे, आणि ती कशासाठी, तर मंडळीत पहिलं स्थान मिळवायची त्याला हौस होती म्हणून. अशी माणसं आपल्याला नवीन नाहीत. वार्षिक सभेत माईक कोणाच्या हातातून सुटत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं.

दुसरी पायरी : यादी घेऊन तीन माणसांकडे जा

स्वतःची परीक्षा स्वतःच घेतली की सगळेच पास होतात. म्हणून दोन्ही याद्या एका कागदावर उतरवा आणि तीन माणसांसमोर ठेवा. पहिलं घरातलं : नवरा, बायको किंवा आई. दुसरं कामावरचं, आणि शक्यतो ख्रिस्ती नसलेलं, कारण बाहेरच्यांनी चांगली साक्ष दिली पाहिजे ही अट यादीतच आहे (१ तीमथ्य ३:७). तिसरं मंडळीतलंच, पण ज्याच्याशी तुमचं फारसं पटत नाही असं. तिसऱ्याकडे जायला जड जाईल. आधी त्याच्याकडेच जा.

"मी कसा आहे?" असं विचारू नका. कोणीही "चांगले आहात हो" म्हणेल आणि चहा टाकेल. असं विचारा :

मी चिडलो की नेमकं काय करतो?
मला पाच हजार उसने दिलेत, तर परत मिळतील अशी खात्री वाटेल का?
दुसऱ्याची खाजगी गोष्ट मी कधी तुमच्याजवळ बोललोय का?
कमी पगाराच्या माणसाशी, वॉचमनशी, घरकामाच्या ताईंशी मी कसा बोलतो?

उत्तरं आली की वाद घालायचा नाही. लिहून घ्यायची. एखादी गोष्ट दोघांनी सांगितली, तर वर्षभर काम करायचं ते त्याच गुणावर. सगळे गुण एकदम अंगी बाणवायला निघालेला माणूस पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतही टिकत नाही.

या याद्यांवरून दोन वाद हमखास होतात, ते इथेच मिटवू. एक म्हणजे "मुलं ताब्यात असावीत" हे कलम. कॉलेजात जाणारा मुलगा रविवारी क्रिकेटला जातो म्हणून बापाला वडीलपदावरून काढावं, असं मला वाटत नाही. पण बाप घरात आला की पोरं आत निघून जातात, बायको आवाज खाली आणते, अशा घरचा माणूस मंडळीत कितीही गोड बोलो, तो पुढारी व्हायला लायक नाही. यादीत "मारका नसावा" असं लिहिलंय, ते भिंतीच्या आतल्यांनाही लागू आहे.

दुसरा वाद स्त्रियांचा. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि आपल्यासह पुष्कळांना तिने साहाय्य केल्याचं नोंदवतो. आपल्याच शहरात १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं, ते कोणत्या कमिटीने नेमलं म्हणून नव्हे. आज मुंबईत घरोघरच्या प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी आणि संडे स्कूल कोण चालवतंय ते मोजा, आणि मग कमिटीच्या फोटोत किती बायका आहेत तेही मोजा.

तिसरी पायरी : घराचे वार आधी ठरवा

नऊची लोकल धरून संध्याकाळी आठला घरी पोचणाऱ्या माणसाकडे आठवड्यात उरतंच किती? त्यात बुधवारी कॉटेज प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी गायन सराव. म्हणून जबाबदारी घेतानाच दोन संध्याकाळी घरासाठी राखा आणि कमिटीला तसं सांगून ठेवा. कोणी नाराज झालं तर होऊ द्या. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार, हा प्रश्न पौलाचा आहे, माझा नाही.

चौथी पायरी : पैशाला एकट्याने हात लावू नका

इथे जरा थांबू, कारण माणसं इथेच घसरतात. आणि घसरणारे सगळे चोर नसतात. अर्पणाची थैली घरी नेली, सोमवारी बँकेत जाता आलं नाही, मंगळवारी पोराची फी होती, "पगार झाला की टाकतो" म्हटलं, आणि सहा महिन्यांनी हिशेब लागेना. येशूच्या बारा शिष्यांत थैली यहूदा इस्कार्योताकडे होती आणि तो त्यातलं काढून घेत असे, हे योहानाने लिहून ठेवलं आहे (१२:६). येशूच्या इतक्या जवळ बसूनही.

पौलाची पद्धत बघा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती पोचवायला त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा एक भाऊही दिला. कारण स्पष्ट सांगितलं : या मोठ्या रकमेवरून कोणी आपल्याला दोष देऊ नये. प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य तेच करायचं (२ करिंथ ८:१८-२१). "देवाला माहीत आहे" एवढ्यावर त्याने भागवलं नाही. आपण मात्र हिशेब विचारला की पहिलं वाक्य तेच म्हणतो.

तर प्रत्यक्षात असं करा. उपासना संपताच वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, टेबलावर थैल्या रिकाम्या करायच्या. मोजायला दोन माणसं, एकमेकांची नातेवाईक नसलेली, आणि दर महिन्याला बदलणारी. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती, हे छापील चिठ्ठीवर पेनाने लिहायचं. पाकिटातलं दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) वेगळं, आभाराचं अर्पण वेगळं. खाडाखोड झाली तर जुना आकडा दिसेल असा एका रेघेने खोडायचा आणि बाजूला सही करायची. चिठ्ठीच्या दोन प्रती, एक खजिनदाराकडे, एक सेक्रेटरीकडे. पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत, आणि भरणा पावती त्याच चिठ्ठीला टाचलेली. चहासाठीसुद्धा थैलीतून परस्पर नोट काढायची नाही. आधी जमा, मग व्हाउचरवर खर्च.

आता थैलीइतकाच पैसा फोनवरून येतो. भिंतीवर लावलेला क्यूआर कोड मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचा आहे की कोणाच्या वैयक्तिक खात्याचा, एकदा स्वतः स्कॅन करून नाव बघा. "तात्पुरता माझाच नंबर देऊन ठेवलाय" हे ऐकलं की त्याच दिवशी तो काढायला लावा. ज्याचा नंबर आहे तो कितीही सज्जन असो. त्याच्या सज्जनपणाला जपण्यासाठीच हे करायचं.

कायद्याचं थोडं माहीत असावं. नोंदणीकृत ट्रस्ट असलेल्या मंडळीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची, दान द्यायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यापट्ट्याने द्यायची, तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मुंबईत हे कलम पाठ असायला हवं. भायखळा, गिरगाव, परळ अशा ठिकाणी जुन्या मिशनची जागा म्हणजे आज सोनं आहे, आणि पुनर्विकासाची फाईल घेऊन येणारा माणूस नेहमी फार नम्र असतो, कधी कधी "प्रेझ द लॉर्ड"ही म्हणतो. अशा वेळी पुढाऱ्याने तीनच गोष्टी कराव्यात : कोणाच्या गाडीत बसू नये, कोणाकडून जेवण घेऊ नये, आणि प्रत्येक कागद सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा. शमुवेल संदेष्टा म्हातारपणी सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच घेतली, सांगा (१ शमुवेल १२:३). निवृत्तीच्या दिवशी असा प्रश्न उघड विचारता येईल, इतकंच ध्येय ठेवलं तरी पुरे.

याला दुसरीही बाजू आहे. पाळकाने निर्लोभी असावं म्हणून त्याला उपाशी ठेवायचं, हा मंडळ्यांचा आवडता ढोंगीपणा आहे. नहेम्याने बारा वर्षं अधिकाऱ्याचा हक्काचा शिधा घेतला नाही, ते लोकांवर आधीच बोजा होता म्हणून, आणि ते त्याने स्वतः ठरवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तोही त्यांचा स्वतःचा निर्णय. दुसऱ्याच्या त्यागाचे ठराव कमिटीने पास करू नयेत. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे. पाळकांचा पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो का आणि त्यांच्या मुलांची फी भरली गेली का, हे पाहणंही पुढाऱ्याचंच काम.

पाचवी पायरी : मंडळी रेल्वेच्या नकाशावर मांडा

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसे आणि लोक रांगेत उभे. सासरा इथ्रो आला, त्याने एक दिवस पाहिलं आणि सांगितलं की हे बरोबर नाही, तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. कशी? लायक, देवभीरू, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेली (निर्गम १८:२१). मोशेने ते ऐकलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं. सासऱ्याचं कोण ऐकतो?

मुंबईत हे कसं जमवायचं? पूर्वी मंडळी चर्चच्या आसपासच्या चाळींत राहायची. आता उपासना भायखळ्याला आणि माणसं बदलापूर, नालासोपारा, पनवेलला. रविवारी मेगाब्लॉक असला की निम्मी बाकं रिकामी. तेव्हा मंडळीची यादी आडनावांनी लावायची सोडून रेल्वेलाइनप्रमाणे लावा. मध्य, हार्बर, पश्चिम. मग स्टेशनांचे गट करा : मुलुंड ते डोंबिवली, कल्याणच्या पुढे, कुर्ला ते मानखुर्द, वसई-विरार. प्रत्येक गटात आठ-दहा घरं आणि त्या घरांचा एक माणूस. त्याच्याकडे वही. वहीत घरातली नावं, वाढदिवस, कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, शेवटची भेट केव्हा झाली. पुढाऱ्याने महिन्यातून एकदा त्या वह्या घेऊन बसायचं. ज्या घराच्या भेटीच्या रकान्यात तीन महिने काही नाही, तिथे पहिल्यांदा स्वतः जायचं.

माणसं नेमताना प्रेषितांची कृत्ये ६ उघडा. यरुशलेमेत तक्रार आली की ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. प्रेषितांनी ती दाबली नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. डावललेल्यांच्याच हाती वाटप दिलं. आपल्या मंडळ्यांत नगरवाले, जालन्याकडचे, मिरज-कोल्हापूरकडचे असे गट असतात, आणि त्याखाली पाहुणे-रावळ्यांचं आणखी एक जाळं. ते नाही असं भासवण्यात अर्थ नाही. कोणत्या गटाला "आपलं इथे कोणी नाही" वाटतंय ते हेरा आणि पुढचं पद तिकडे जाऊ द्या.

सहावी पायरी : भेटीला जा आणि कमी बोला

मेंढपाळाचा गुण दिसतो तो भेटीत. एसआरएच्या बिल्डिंगमधली बारा बाय पंधराची खोली, पंखा, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, पलंगावर आजारी माणूस आणि दारात चपला. आत जाताना फोन बंद करा. बसायला खुर्ची एकच असेल तर ती घेऊ नका, पलंगाच्या कडेला किंवा खाली बसा, म्हणजे आजाऱ्याला मान वर करावी लागत नाही. पहिली दहा मिनिटं प्रश्न विचारा : झोप लागते का, जेवण जातं का, रात्री जवळ कोण असतं, पुढची तारीख कधीची. आजाऱ्याजवळ रोज बसणाऱ्या माणसाला वेगळं बाहेर नेऊन "तुम्ही कसे आहात?" विचारा. बहुतेक वेळा रडू येतं ते त्यालाच. मग छोटं स्तोत्र, छोटी प्रार्थना. चहा आला तर प्या. अर्ध्या तासात उठा.

प्रार्थना करा, तेल लावा, याकोबाने तसं सांगितलंच आहे. पण औषध बंद करायला सांगू नका, आणि कोणी बाहेरचा प्रार्थनावीर येऊन सांगत असेल तर आडवे या. टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने तरी घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत बरं वाटतं, तेवढ्यात "विश्वासाने सोडल्या" अशी साक्ष कोणी देऊ लागला तर त्याला तिथेच थांबवा. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होऊन परत येऊ शकतो आणि घरातल्या मुलांना गाठू शकतो. देवभीरू पुढारी डॉक्टरची चिठ्ठी वाचायला सांगतो.

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं पडलेली असतात. त्यात आपल्या भागातलेही असतात. तरुण संघाला पुढारी घडवायचे असतील तर शनिवारी तिथे घेऊन जा, डबे घेऊन, पत्रकं न घेता. फॉर्म भरायला मदत करा, रक्त लागलं तर द्या. कोण पोरगं न सांगता पाण्याच्या बाटल्या उचलतंय आणि कोण सेल्फी काढतंय, एवढं पाहिलं तरी पुढच्या निवडणुकीचं निम्मं काम होतं.

सातवी पायरी : भांडणात तोंड आणि फोन आवरा

मत्तय १८ चा क्रम सगळ्यांना पाठ आहे. आधी एकट्याने एकट्याला सांगा, मग एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला कळवा. आपण तो उलटा पाळतो. आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वचन टाकायचं, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. मग त्यावर अंगठे मोजायचे. पुढाऱ्याने स्वतःला नियमच घालून घ्यावा : राग आला की त्या माणसाचं घर गाठायचं, किंवा फोन. लिहायचं काही नाही.

फिलिप्पैकरांस पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त व्हा, अशी विनंती पौल नाव घेऊन करतो, आणि त्याच दमात दोघींनी सुवार्तेच्या कामी आपल्याबरोबर श्रम केले हेही सांगतो. एकीचीही बाजू तो घेत नाही, आणि कोण बरोबर हे आजही आपल्याला ठाऊक नाही. महिला मंडळातल्या भांडणात पडणाऱ्या प्रत्येक सेक्रेटरीने हे दोन श्लोक वाचून मग पडावं.

पुढाऱ्यालाच कोणी चूक दाखवली तर? अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवायचं पेत्राने भीतीने सोडलं, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर अडवलं. तुमच्यासाठी असा माणूस आत्ताच नेमून ठेवा. वर्षातून दोनदा त्याला जेवायला बोलवा आणि विचारा, "माझ्यात अलीकडे काय बिघडलंय?" नाथान संदेष्ट्याने दाविद राजाला "तो माणूस तूच आहेस" म्हटलं, ते दाविदाने ऐकून घेतलं. राजवाड्यात नाथान येऊ शकत होता, याचं श्रेय मी दाविदालाच देतो. मात्र वडिलांवरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय ऐकू नये (१ तीमथ्य ५:१९), हेही त्याच पत्रात आहे. निनावी पत्राचं जाहीर वाचन करायचं नाही.

आठवी पायरी : मुलांच्या बाबतीत "आपसात मिटवू" चालणार नाही

वरच्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो कडक आहे. संडे स्कूल, कॅम्प, गायनवृंद, कुठेही लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं, तर साक्षीदार शोधत बसायचं नाही, कमिटी बोलवायची नाही, "मंडळीचं नाव जाईल" म्हणायचं नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि आरोपी हाताखालचा असेल तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ संडे स्कूलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर. मुलांबरोबर बंद खोलीत एकटं मोठं माणूस नको, नेहमी दोघं. कॅम्पला मुलींबरोबर बाई हवीच. ज्याला हे नियम अपमानकारक वाटतात त्याला मुलांचं काम देऊ नका.

उपदेश आणि विसावा, थोडक्यात

उपदेशाबद्दल आपल्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. वीस मिनिटांत संपवा, एकच उतारा घ्या, आणि कालच्या भांडणाचं उत्तर पुलपिटवरून देऊ नका.

विसाव्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर दिली, झोपू दिलं, परत उठवून पुन्हा भाकर दिली. उपदेश नंतर. आठवड्यात एक दिवस मंडळीचा फोन दुसऱ्याकडे द्या. जेवायलाही सवड नाही इतकी माणसं आली, तेव्हा येशूनेही शिष्यांना एकांती जाऊन थोडं विसावा म्हटलं होतं.

शेवटची पायरी : पहिल्या दिवसापासून निघायची तयारी

जो पुढारी आपल्याशिवाय मंडळी चालणार नाही असं म्हणतो, त्याने ती तशी बनवून ठेवलेली असते. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचं काम पुढे आपली मुलगी मनोरमा पाहील अशी तयारी केली होती. १९२१ साली मनोरमाच गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई. तरीही काम थांबलं नाही, कारण ते एकाच वारसावर टांगलेलं नव्हतं. हाताशी घडलेली माणसं होती. पौलही तीमथ्याला हेच सांगतो : माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांनाही शिकवू शकतील (२ तीमथ्य २:२).

म्हणून पद घेतल्याच्या पहिल्या वर्षातच दोन माणसं सोबत घ्या, एक तुमच्याहून तरुण आणि एक दुसऱ्या गटातलं. भेटीला त्यांना बरोबर न्या. सभा एकदा त्यांना चालवू द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. मध्ये उठून दुरुस्त्या करू नका. चूक झाली तर घरी जाताना ट्रेनमध्ये सांगा.

मुदत संपली की हे सगळं आठवड्याच्या आत हातावेगळं करा : भेटींच्या वह्या, अर्पणाच्या चिठ्ठ्यांची फाईल, चेकबुक, कपाटाच्या किल्ल्या, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद, ईमेलचा पासवर्ड. काय काय दिलं त्याची यादी करून दोघांनी सह्या करा. बँकेत सही बदलण्याचा अर्ज नव्या माणसाबरोबर स्वतः जाऊन द्या आणि विश्वस्त असाल तर चेंज रिपोर्टच्या कागदांवर वेळेत सही करा. मग निदान सहा महिने कमिटीच्या कारभारावर मत देऊ नका, कोणी घरी येऊन मुद्दाम विचारलं तरी. चहा पाजा आणि नव्या सेक्रेटरीचा नंबर द्या.